जपानी सुरी व शहापूरचा पावसाळा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शहापूर-मुरबाड भागांतील घरांत एक नवीन पाहुणी येऊं लागली आहे. कोणाचा मुलगा योकोहामास नोकरी करितो, कोणाचा जांवई कामानिमित्त ओसाकास जाऊन येतो, आणि परततांना इतर भेटींबरोबर लांबट कागदी पेटींत जपून बांधलेली एक सुरी घेऊन येतो. पहिले आठ दिवस तिचें कौतुक होतें. टोमॅटो कागदासारखा पातळ चिरला जातो. कांदा चिरतांना डोळ्यांस पाणी कमी येतें. (हा नुसता भास नव्हे. धार जितकी तीक्ष्ण तितका कांदा कमी चिरडला जातो व त्याचा तिखट रस कमी उडतो.) मग मृग नक्षत्र लागतें. ओट्यावर रात्रभर ओली राहिलेल्या सुरीवर सकाळीं तांबडे ठिपके दिसतात, घरांतील वडील मंडळी 'जपानचा माल तो हाच काय!' म्हणून हंसतात, आणि पाहुणी माळ्यावर जाते.

गेल्या तीन वर्षांत अशा चार सुऱ्या आम्हीं माळ्यावरून खालीं काढवून पाहिल्या. त्यांपैकीं एकही टाकण्याजोगी झाली नव्हती. त्यांना पुन्हां कामास लावणें घरच्या घरीं, थोड्या खर्चांत व दोन संध्याकाळांत होण्यासारखें आहे. मात्र पात्यावरून काय काढावयाचें आणि काय राहूं द्यावयाचें, हें आधीं कळलें पाहिजे. कारण घासून काढलेलें लोखंड परत येत नाहीं.

प्रथम हा गंज येतोच कां, तें पाहूं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं पोलादांत क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें. क्रोमियमचें प्रमाण शेंकडा साडेदहाच्या वर गेलें म्हणजे धातूवर डोळ्यांस न दिसणारा एक पापुद्रा धरतो व तो हवापाण्यास आंत शिरूं देत नाहीं. आज आपण घरांत ज्याला नुसतें 'स्टील' म्हणतों तें सारें या कुळांतलें. त्याची सोय इतकी कीं दोन पिढ्यांत आपण लोखंड वागविण्याचें शिक्षणच विसरलों. आमच्या आजीच्या हातची विळी कधीं गंजलेली आम्हीं पाहिली नाहीं. ती काळीभोर असे, पण तांबडी कधींच नव्हे. काम होतांच विळी धुवून, पुसून, भिंतीशीं टेकून ठेवणें हा त्या घरांतील मुलींचा पहिला धडा होता.

जपानी सुऱ्यांतही आतां न गंजणाऱ्या पुष्कळ निघतात. आपल्या घरीं आली आहे ती कोणत्या जातीची, याची परीक्षा सोपी आहे. लोहचुंबक येथें उपयोगी पडत नाहीं, कारण तो बहुधा दोघींसही चिकटतो. पात्यावर लिंबाची एक चकती दहा मिनिटें ठेवावी. खालीं करडा डाग उमटला तर सुरी साध्या कर्बयुक्त पोलादाची आहे असें समजावें. ही जात गंजते खरी. परंतु तिची धार फार बारीक होते आणि दगडावर लवकर चढते. जपानांत शिमाने प्रांतांतील यासुगी येथें होणाऱ्या अशा पोलादास 'शिरोगामी' म्हणजे पांढरा कागद, व 'आओगामी' म्हणजे निळा कागद, अशीं नांवें आहेत. हा रंग पोलादाचा नव्हे. कारखान्यांत त्यावर ज्या रंगाचा कागद लावीत त्याचा. काठिण्य मोजण्याचें जें रॉकवेल नांवाचें माप आहे त्यावर या सुऱ्या ६० च्या वर भरतात, तर युरोपांतील घरगुती सुऱ्या बहुधा ५५ ते ५८ पर्यंत असतात. कठीण पोलाद ठिसूळही असतें, म्हणून नारळ फोडणें, हाड तोडणें, कोयी कापणें हीं कामें तिला सांगूं नयेत. त्यांस आपला कोयता समर्थ आहे.

या सुरीची कुळकथाही जाणण्यासारखी आहे. ओसाकाजवळचें साकाई हें गांव सोळाव्या शतकांत तंबाखू जपानांत आल्यानंतर तिचीं पानें चिरण्याच्या सुऱ्यांसाठीं प्रसिद्ध झालें. पुढें १८७६ सालीं मेजी सरकारनें लोकांनीं कमरेस तलवार लावून फिरूं नये असा हुकूम काढिला आणि तलवारी घडविणाऱ्या लोहारांचें पोट एका दिवसांत गेलें. त्यांतील पुष्कळांनीं आपली विद्या सुऱ्या, कातऱ्या व विळे यांकडे वळविली. मऊ लोखंडास कठीण पोलादाची पट्टी तापवून एकजीव करावयाची, म्हणजे धार कठीण व अंग लवचिक, ही त्यांची युक्ति. वाचकांस ही परकी वाटूं नये. आमच्याकडील लोहार कुऱ्हाडीस 'पोलाद घालतो' तें दुसरें काय? फरक इतकाच कीं आमचा लोहार जेथें थांबतो तेथून पुढें जपानी कारागिराचें निम्में काम सुरू होतें, व तें काम घांसण्याचें आणि उजळण्याचें असतें. आमच्याकडेही हें काम करणारा वेगळा वर्ग होताच. शस्त्रें उजळणें यास 'शिकल करणें' म्हणत व तें करणारा तो शिकलगार. हा शब्द अरबी 'सैकल' यावरून आला. लाखेंत कुरुंदाची पूड कालवून केलेली त्याची सहाण व ती फिरविण्याची दोरी आमच्या वयाच्या लोकांनीं बाजाराच्या दिवशीं पाहिली असेल. हा कुरुंद संस्कृतांत कुरुविंद, इंग्रजींत कोरंडम; आणि आज जपानहून येणारे धार लावण्याचे कृत्रिम दगड बहुतेक याच द्रव्याचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, बनविलेले असतात.

आतां आमच्या घरची हकीकत सांगणें प्राप्त आहे. आमच्या घरीं रोज बारा-तेरा पानें होतात. सूनबाईंचे गुडघे दुखूं लागल्यापासून त्यांस विळीवर बसवत नाहीं, आणि उभ्यानें चिरावयाचें तर बाजारच्या सुरीनें मनगट भरून येतें. त्यांच्या भावानें चार वर्षांपूर्वीं भाऊबिजेस साकाईची सुरी आणून दिली, तेव्हां त्यांची मोठी सोय झाली होती. दुसऱ्या पावसाळ्यांत ती गंजली. ती कोणीतरी तालुक्याच्या बाजारांत विजेच्या चाकावर धार लावून आणिली. चाकावरून ठिणग्या उडाल्या, धारेजवळ निळी झांक आली, आणि चार दिवसांत सुरी पूर्वीपेक्षां बोथट झाली. निळी झांक म्हणजे पोलाद तीनशें अंशांच्या आसपास तापल्याची खूण. अशा पोलादाचें पाणी दीड-दोनशें अंशांवर साधलेलें असतें. त्यापलीकडे ऊन लागली कीं तेवढा भाग नरम पडतो. त्या धार लावणाऱ्यास आम्ही बोल लावीत नाहीं. त्याचें चाक कोयत्या-विळ्यांसाठीं आहे व तेथें तें चोख काम देतें. परंतु घरांत मात्र ठरलें कीं आतां ही भंगारांत द्यावी. सूनबाई आम्हांस एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, दुसरी आणतील हो, पण ती भावानें दिलेली नसेल." तेव्हां ती सुरी आम्हीं आमच्या टेबलावर आणून ठेविली.

सुरी हातीं घेतल्यावर पहिलें काम घासण्याचें नव्हे, पाहण्याचें. पाते उजेडांत धरून त्यावरील डाग दोन जातींचे आहेत हें ओळखावें. तांबडा किंवा नारिंगी, बोटास भुकटी लागणारा, तो खरा गंज. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवितो व खालीं खालीं खात जातो. त्यास मुळींच दया दाखवूं नये. दुसरा करडा, निळसर किंवा काळा, गुळगुळीत, बोटास कांहीं न लागणारा. हा अन्नांतील आम्ल व तुरट रसांनीं बनलेला थर धातूस घट्ट बिलगून बसतो आणि तांबड्या गंजास बऱ्याच अंशीं अडवितो. आवळे चिरलेली विळी काळी पडते ती याच कारणानें. आमच्या लहानपणीं हिरडा व हिराकस यांची शाई करीत; हिरड्यांतील तुरट द्रव्य लोहास मिळालें कीं काळा रंग उमटतो, तोच व्यापार पात्यावर होतो. नव्या पिढीस हा काळेपणा घाण वाटतो व ती तारेच्या घासणीनें चकचकीत करण्याच्या मागें लागते. हा उद्योग व्यर्थ आहे इतकेंच नव्हे, तर उघडें पडलेलें लोखंड त्याच रात्रीं पुन्हां तांबडें होतें.

वरवरचा गंज काढण्यास चुलीची वस्त्रगाळ राख व बाटलीचें ओलें बूच पुरें. राख नसेल तर खाण्याचा सोडा चालतो. विटकरीची पूड वापरूं नये. तिच्या चरा पुढें तासभर काढीत बसावें लागतें. तांब्यापितळेच्या संवयीनें चिंच लावण्याचा मोह होतो. ती गंज सोडविते हें खरें, पण लोखंडही खाते. लावलीच तर दोन मिनिटांत धुवून, सोड्याचें पाणी फिरवून, कोरडें करावें.

गंज खोल गेला असेल व पाते डागाळलें असेल तर पाण्यांत चालणारा पॉलिश कागद घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानीं तो अंकांवरून मिळतो: ४००, ८००, १००० व १५०० असे चार तुकडे पुरेत. अंक जितका मोठा तितकी रवाळी बारीक. पाते एका सपाट फळीवर असें निजवावें कीं धार फळीच्या आंत राहील, बाहेर डोकावणार नाहीं. धारेवर चिकटपट्टी लावावी. कागद उघड्या बोटांनीं धरूं नये. बोटें मऊ असल्यानें दाब कमीजास्त पडतो व पात्यावर लाटा येतात. आम्ही शाळेंतल्या मोठ्या खोडरबरास कागद गुंडाळतों. तीस वर्षें मुलांच्या वह्या खोडल्यावर त्याचा हा दुसरा उपयोग सांपडला. हात नेहमीं पाठीच्या बाजूनें, पात्याच्या लांबीशीं समांतर चालावा. धारेच्या दिशेनें कधींही घासूं नये. यांत बोटाचा प्रश्न आहे. लहान मुलें जवळ नसावीं, हें सांगावयास नकोच.

४०० च्या कागदानें गंज गेला कीं ८०० चा घेतांना हाताची दिशा किंचित् तिरपी करावी. मागील चरा एका दिशेच्या व नव्या दुसऱ्या दिशेच्या असल्यानें जुन्या केव्हां संपल्या तें स्पष्ट दिसतें. त्या पूर्ण संपल्यावांचून पुढचा कागद घेऊं नये. या कामांत घाई करणारास शेवटीं पहिल्या पायरीवर परत यावें लागतें, कारण बारीक कागद मोठी चर काढीत नाहीं, ती उजळून अधिक ठळक दाखवितो. शेवटच्या १५०० च्या कागदानें मात्र सर्व रेघा मुठीपासून टोंकाकडे, एकाच दिशेनें ओढाव्या. मधून मधून पाणी शिंपडावें व मळ पुसावा.

कोठें थांबावें? एखादा काळा खळगा खोल गेलेला असतो. त्याचा पाठलाग करून सबंध पाते त्याच्या पातळीस आणावयाचें म्हणजे सुरी पातळ व वांकडी होणार. खळग्यांतील तांबडेपणा निघाला म्हणजे पुरें. डाग राहिला तर राहूं द्यावा. कारागिरानें छिन्नीनें कोरलेलीं अक्षरें पात्यावर असतात, त्यांच्या आसपास कागद नेऊंच नये. कित्येक सुऱ्यांचा वरचा अर्धा भाग भट्टींतला काळा खडबडीत थर तसाच ठेवून विकतात. हा थर घाण नसून कवच आहे. तो घासून काढलेली एक सुरी आम्हांकडे आली होती, व तिचा तो भागच सर्वांत आधीं गंजला होता.

ज्यांस हौस असेल त्यांनीं आणखी एक पायरी करावी. १००० अंकाच्या दगडावर पाणी घालून घासलें म्हणजे जो चिखल सुटतो तो बुचावर घेऊन पात्यावर हलक्या हातानें फिरवावा. थोड्या वेळानें मऊ लोखंडाचा भाग धुक्यासारखा मंद व धारेकडील पोलाद उजळ दिसूं लागतें, आणि दोहोंमधील नागमोडी रेघ उमटते. जपानी लोक यास 'कासुमी', म्हणजे धुकें, म्हणतात. सूनबाईंच्या सुरीवर ही रेघ उमटली तेव्हां घरांतील सर्व मुलें टेबलाभोंवतीं जमलीं होतीं.

आतां धार. चाकानें नरम पडलेला निळा भाग आधीं दगडावर घासून काढावा लागला; त्यांत दीड मिलिमीटर पाते गेलें व एक सबंध संध्याकाळ गेली. खालीं चांगलें पोलाद लागलें. धारेसाठीं १००० व ३००० असे दोन अंक पुरतात. दगड दहा-पंधरा मिनिटें पाण्यांत भिजवावा, खालीं ओलें फडकें घालून घट्ट बसवावा. कोन प्रत्येक बाजूस १५ अंशांचा धरावा. तो डोळ्यांनीं ओळखणें कठीण. पण शाळेंतली त्रिकोणमिति येथें उपयोगी पडते. पाते ५० मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून १३ मिलिमीटर उचलली कीं कोन १५ अंश होतो. तेवढ्या जाडीचा लांकडाचा ठोकळा प्रथम जवळ ठेवून हातास संवय लावावी. एका बाजूस घासतांना दुसऱ्या बाजूच्या धारेवर केसाहून बारीक अशी उलटलेली कड बोटास जाणवूं लागते. ती सबंध लांबीभर जाणवली म्हणजेच त्या बाजूचें काम झालें. मग बाजू बदलावी. ज्या सुऱ्या एकाच बाजूनें उतरत्या व दुसऱ्या बाजूनें सपाट असतात, त्यांची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवूनच दोन-चार हात द्यावे, कोन देऊं नये.

ही शेवटची कड काढण्याच्या वेळीं आम्हांस सुश्रुतसंहितेची आठवण झाली. तिच्या सूत्रस्थानांत शस्त्रांविषयीं एक अध्याय आहे. कोणत्या शस्त्राची धार मसुरीएवढी, कोणाची केसाएवढी, कोणाची अर्ध्या केसाएवढी हें तेथें सांगितलें आहे. क्षार, पाणी व तेल असे पाणी देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, व लावलेली धार नीट राखण्यास शाल्मलीची फळी सांगितली आहे. शाल्मली म्हणजे आपली सांवर, जिच्या तांबड्या फुलांनीं फाल्गुनांत मुरबाडकडील रानें पेटल्यासारखीं दिसतात. हें लांकूड मऊ असल्यानें इमारतीस कोणी घेत नाहीं. आम्हीं एका वखारींतून त्याचें हातभर फळकूट आणिलें, रंधून घेतलें, आणि धार मागें ठेवून, पाठ पुढें करून, पाते त्यावरून दहा-बारा वेळां ओढलें. उलटलेली कड साफ निघाली. चामड्याचा पट्टा हेंच काम करितो. पण ज्या घरांत चामडें ओट्यावर चालत नाहीं त्यांस ही सोय बरी. उत्तम धारेची कसोटी म्हणून सुश्रुतानें अंगावरील लव कापून पाहण्यास सांगितलें आहे. गृहिणींनीं वर्तमानपत्राचा कागद अधांतरीं धरून कापावा.

ताज्या उजळलेल्या सुरीनें पहिले आठ दिवस कांदा चिरला तर तो काळसर पडतो व लोखंडाचा वास येतो. घाबरूं नये. पाते उघडें आहे, त्यास वस्त्र हवें आहे. कैरी, कांदा, केळफूल यांवर ती चालवावी, दर वेळीं धुवून पुसावी; हळूहळू करडा थर धरतो व वास थांबतो. फणसाच्या चिकास घाबरून आपण विळीस तेल लावतों, तेंच येथेंही करावें.

पावसाळ्याचें कलम वेगळें आहे. ज्या तालुक्यांतील तानसा व भातसा या जलाशयांवर मुंबई पाणी पिते, त्या तालुक्याच्या हवेंत आषाढांत कोरडेपणा शोधण्यांत अर्थ नाहीं. सुरी ऊन पाण्यानें धुवावी म्हणजे लवकर वाळते, दोन फडक्यांनीं पुसावी, एक ओल्यासाठीं व एक कोरड्यासाठीं. आणि रात्रीं खोबरेलाचा इतका पातळ हात द्यावा कीं बोटास नुसती चकाकी लागावी. जपानांत यासाठीं कॅमेलियाच्या बियांचें तेल वापरतात. करडईचें किंवा जवसाचें तेल पात्यास लावूं नये, तें सुकून चिकट होतें. मात्र लांकडी मुठीस जवसाचें तेल याच गुणामुळें चांगलें. चामड्याच्या किंवा घट्ट लांकडी म्यानांत सुरी घालून ठेवूं नये, ओल आंत कोंडते. वर्तमानपत्रांत गुंडाळून फडताळांत ठेवावी.

सूनबाईंच्या सुरीची मूठ सडली होती. या मुठी बहुधा एका हलक्या मॅग्नोलिया जातीच्या लांकडाच्या असून त्यांच्या तोंडाशीं म्हशीच्या शिंगाचें कडें असतें. पात्याची मागची अणी तापवून मुठीच्या भोंकांत दाबून बसविण्याची रीत तिकडेही आहे आणि इकडेही. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हशाची यात्रा भरते, बैलांबरोबर घोंगड्या व शेतीचीं अवजारें यांचा तेथें मोठा बाजार असतो. तेथील एका लोहारानें पात्याभोंवतीं ओलें गोणपाट गुंडाळून, अणीच तेवढी तापवून, शिसवीची मूठ पांच मिनिटांत बसवून दिली. पाते ओलें ठेवण्याची सूचना आम्हीं करणार होतों, तोंवर त्यानें गोणपाट भिजविलेंही होतें. मूठ पूर्वीपेक्षां जड झाली आहे, पण सूनबाईंची त्याविषयीं तक्रार नाहीं.

ज्यांस हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनीं पहिला हात जपानी सुरीवर टाकूं नये. बहुतेक घरांत एखादी जुनी लोखंडी विळी अडगळींत असतेच. तिच्यावर राख, कागद व दगड हीं तिन्हीं चालवून पाहावीं. तिचें पातें पाटापासून सुटें करण्याच्या भानगडींत पडूं नये. विळी भिंतीशीं टेकून, पाट पायानें दाबून, दगडाचाच लहान तुकडा हातांत घेऊन तो पात्यावरून फिरवावा. खवणीच्या दात्यांस मात्र दगड लावूं नये, त्यांस बारीक त्रिकोणी कानस लागते.